गिरणीवरचं टमरेल

काझींनी हातातली काठी उंच करून गिरणीच्या धुराड्यावरचं टमरेल खाली पाडलं, तेव्हा मी आमच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते. टमरेल पत्र्यावरून गडगडत आलं आणि रस्त्यात पडलं. इतका वेळ चाललेला पुक् पुक् पुक् असा टिपेचा आवाज एकदम बसला, नुसती भकभक उरली.

"बंद कर," काझी दारातून आत तोंड घालून ओरडले. "एकनाथ, आधी ते बंद कर."

इंजिन बंद झालं आणि गल्ली उघडी पडल्यासारखी वाटली. पलीकडच्या टिपणिसांच्या स्वयंपाकघरात कुणीतरी कपबशी ठेवली, ती मला आमच्या ओट्यावर ऐकू आली.

काझी नगरपालिकेचे स्वच्छता निरीक्षक. तुंबलेली गटारं, मेलेली कुत्री, उघड्यावरची मिठाई ही त्यांची कामं. आवाजाच्या तक्रारी कुणाकडे द्यायच्या हे नगरपालिकेत कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून त्याही त्यांच्याकडेच आल्या होत्या. ही तक्रार आमच्या यांनी केली होती. हे हायस्कूलात गणित शिकवायचे. गावात सगळे यांना देवकुळे सर म्हणायचे, आणि सरांनी मसुदा केल्यावर कॉलनीतल्या बाकीच्यांनी खाली सह्या केल्या होत्या.

काझी आत गेले आणि हात झटकत बाहेर आले. "दळण कुठाय रे? पट्टा उतरवलेला आहे, दगड थंड आहेत. नुसतं इंजिन लावून काय करतोस, हवा दळतोस?"

एकनाथ लोणारी दारात उभा राहिला. डोक्यापासून पापण्यांपर्यंत पांढरा, नेहमीसारखा. "चुकलं, साहेब," तो म्हणाला.

"चुकलं काय? इंजिन काय चुकून लागतं? हँडल मारावं लागतं त्याला, दम लागेस्तोवर."

एकनाथने पुन्हा तेच म्हटलं, "चुकलं."

त्याची बायको गयाबाई बाहेर आली, तिने रस्त्यातलं टमरेल उचललं आणि पदराने पुसायला लागली.

"ते इकडे द्या, बाई. मुद्देमाल आहे."

"टमरेल मुद्देमाल?"

"मग काय करू? आवाज तर मला ऑफिसात नेता येत नाही."

गयाबाई हसली नाही. तिने टमरेल दिलं आणि आमच्या ओट्याकडे बघितलं. मी मान खाली घातली आणि तांदळात खडे शोधायला लागले. तक्रार आमच्या घरातून गेली होती आणि ते तिला माहीत होतं. त्या बाईने आमच्या मंजूच्या बाळंतपणात मला डिंकाचे लाडू करून दिले होते.

एवढ्यात हे आतून आले. धुतलेला सदरा घातला होता, केस नीट बसवलेले. "बघितलंत ना काझीसाहेब? मी तुम्हाला म्हणत होतो. दळण नाही, गिऱ्हाईक नाही, आणि इंजिन चालू. याला काय म्हणायचं? शेजाऱ्यांना छळण्याचा हा प्रकार आहे." यांचा आवाज शाळेत शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा, पण त्या वेळी अगदी मऊ होता. मघाशी सकाळच्या भातात खडा लागल्याचं यांना शाळेतून आल्यावर आठवलं होतं, आणि त्यावरून बरंच झालं होतं. म्हणून तर मी दिवेलागणीला तांदूळ घेऊन बसले होते.

काझी म्हणाले, "नोटीस काढतो, सर. मुख्याधिकारी साहेबांपुढे सुनावणी होईल. परवाना राहील असं काही वाटत नाही मला."

एकनाथ तिथेच उभा होता. त्याने ऐकलं आणि आत गेला.

त्या गिरणीबद्दल थोडं सांगायला हवं. ती आमच्या आधीची. शिक्षक, पोस्टातले, बँकेतले असे आम्ही सगळे नंतर आलो. गिरणीशेजारचे प्लॉट स्वस्त होते म्हणून घेतले, घरं बांधली, पाट्या लावल्या, आणि मग आम्हाला आवाजाचा त्रास व्हायला लागला. वीज तेव्हा पाहुण्यासारखी यायची, म्हणून गिरणी डिझेलवर. डिझेल कधी मिळायचं, कधी नाही. त्यामुळे त्या भागात एक रीत होती. इंजिनाच्या धुराड्यावर पत्र्याचं एखादं डबडं उपडं अडकवायचं. मग त्याची पुकपुक लांब मळ्यांपर्यंत ऐकू जायची आणि वस्त्यांवरच्या बायकांना कळायचं की गिरणी चालू आहे. त्या डोक्यावर दळण घेऊन निघायच्या. गिरणीला पाटी नव्हती. टमरेल हीच तिची पाटी.

दिवसा कुणाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती अवेळी चालणाऱ्या इंजिनाची. परवान्यात सहापर्यंतची वेळ होती, आणि गिरणी सहानंतर कधीही सुरू व्हायची. थोडा वेळ चालायची, बंद व्हायची.

मला मात्र त्या अवेळच्या पुकपुकीचा आधार वाटायचा. यांचा आवाज चढला की मी मनातल्या मनात म्हणायची, आता सुरू होऊ दे. आणि बहुतेक वेळा व्हायची. मला वाटायचं, आपलं नशीब एवढं तरी चांगलं आहे. काही वेळा यांचं आवाजावर भागायचं, काही वेळा नाही. पण बाहेर काही जात नाही, गल्लीत कुणाला काही माहीत नाही, एवढ्या एका समजुतीवर मी सकाळी ताठ मानेने नळावर पाणी भरायला जात असे. माहेरी मी तीन बहिणींतली मोठी. माझ्या संसाराकडे बघून धाकट्यांची लग्नं ठरायची होती.

नोटीस आल्यावर संध्याकाळची गिरणी बंद झाली.

तो आठवडा मला अजून आठवतो. उन्हाळा होता. एका संध्याकाळी मंजूने वहीत शाई सांडली आणि हे सुरू झाले. मी उठून खिडक्या लावल्या.

"खिडक्या का लावतेस? उकडतंय ते कळत नाही?"

मी रेडिओ लावला. यांनी तो बंद केला, आणि मग शाई राहिली बाजूला, रेडिओवरून झालं, माझ्या बापाने तो दिला होता त्यावरून झालं, बापावरून झालं. मध्येच टिपणिसांच्या अंगणात कुणीतरी खोकलं. इतकं जवळून की आमच्याच माजघरात खोकल्यासारखं. मी जिथे होते तिथेच भिंतीला चिकटून उभी राहिले. यांनी ऐकलं नाही. ओरडताना यांना काही ऐकू येत नसे.

दुसऱ्या दिवशी टिपणीस वहिनी वाटीभर सायीचं दही घेऊन आल्या. पोस्टमास्तरांची बायको, एरवी विरजणालासुद्धा मोजून देणारी.

"सहज आणलं," त्या म्हणाल्या. माझ्या तोंडाकडे न बघता त्यांनी मंजूच्या केसांवरून हात फिरवला. "काही लागलं-सवरलं तर सांगा हो."

"मला काय लागायचंय," मी म्हणाले.

त्या गेल्यावर मी ते दही मोरीत ओतलं. वाटी घासताना माझे कान तापले होते. बाईने काही विचारलं नव्हतं, आणि तेच मला सोसवत नव्हतं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी मी ज्वारीचा डबा घेऊन गिरणीत गेले. दुपारची वेळ होती, गर्दी नव्हती. गयाबाई चाळणी झटकत होती. एकनाथ मागे इंजिनाला तेल देत बसला होता.

"या वहिनी. आज इकडं कशा?"

"दळण आणलंय."

"ते दिसतंयच. सरांना चालतंय ना आमच्याकडचं पीठ? का आवाज गाळून देऊ?"

मला हसायला हवं होतं. मी डबा खाली ठेवला. "गयाबाई, मला फार लाज वाटते. मी यांना सांगितलं होतं, तक्रार नका करू म्हणून." हे खोटं होतं. मी काहीच सांगितलं नव्हतं.

"असू द्या. सर शिकलेले. त्यांना शांतता लागती."

"पण तुम्ही तरी रिकामं इंजिन का लावता हो? डिझेल मिळत नाही, लोक रांगा लावतात आणि तुम्ही..."

गयाबाईने चाळणी भिंतीला टांगली. मागे एकनाथचा तेल देणारा हात थांबला होता.

"म्हातारं इंजिन आहे वहिनी. म्हाताऱ्याला कधीपण खोकला येतो."

"उद्या साहेबांनी विचारलं तर हेच सांगणार?"

"साहेबांना काय सांगायचं ते हे बघतील."

एकनाथ मागून म्हणाला, "काही सांगायचं नाही. चुकलं म्हणायचं."

"अन् परवाना गेला तर?" मी विचारलं.

"गेला तर गेला. गयाच्या भावाचा मळा आहे. तिथं जाऊ राखणीला." तो पुन्हा तेल द्यायला लागला. गयाबाईने माझा डबा गिरणीच्या तोंडात रिता केला आणि पट्टा चढवायला नवऱ्याला हाक मारली. तिचे डोळे लाल होते. मी समजले पीठ गेलं असेल.

रात्री जेवताना यांनी मला काय बोलायचं ते समजावलं. मुख्याधिकाऱ्यांनी निरोप पाठवला होता की तक्रारदाराच्या घरातल्या बाईचा जबाब हवा, कारण दिवसभर घरी त्याच असतात. "डोकं दुखतं म्हणायचं. मुलीचा अभ्यास होत नाही म्हणायचं. झोप लागत नाही म्हण. तीन मुद्दे. पाल्हाळ नको."

"बरं," मी म्हणाले.

"म्हणून दाखव."

मी म्हणून दाखवलं.

सुनावणी मुख्याधिकाऱ्यांच्या खोलीत होती. बोरसे नावाचे तरुण गृहस्थ, नुकतेच बदलून आलेले. टेबलावर फायली, पाण्याचा तांब्या आणि काझींनी आणून ठेवलेलं टमरेल. कॉलनीतले टिपणीस आणि आणखी दोघे सहीवाले भिंतीशी खुर्च्यांवर. एकनाथ आणि गयाबाई दाराशी उभे. एकनाथने अंघोळ करून टोपी घातली होती. मी त्याला प्रथमच पिठाशिवाय बघत होते. तो भलताच काळा आणि म्हातारा दिसत होता.

"हेच का ते?" बोरसेंनी टमरेल उचलून उलटसुलट बघितलं. "यातून एवढा आवाज?"

काझी म्हणाले, "वाजवून दाखवायला इंजिन आणावं लागेल, साहेब."

सगळे हसले. बोरसेही हसले. मग त्यांनी एकनाथला विचारलं, "सहानंतर इंजिन लावता हे खरं?"

"खरं, साहेब."

"दळण नसताना?"

"हो."

"कशासाठी?"

एकनाथ टोपी हातात घेऊन तिच्या कडेशी चाळा करत राहिला. "चुकलं, साहेब. पुन्हा नाही होणार."

"अहो, चुकलं हे उत्तर झालं. मी कारण विचारतोय. कारण असेल तर मला काही करता येईल. नसेल तर हा मुद्दाम दिलेला उपद्रव ठरतो, आणि मग परवाना रद्द करण्यावाचून मार्ग नाही. कळतंय का?"

"कळतंय."

"मग?"

"चुकलं."

गयाबाई मध्ये पडली. "साहेब, इंजिन जुनं आहे. गार झालं की सकाळी लागत नाही. म्हणून जरा गरम..."

"गरम?" हे खुर्चीतून पुढे सरकले. "संध्याकाळी गरम केलेलं इंजिन सकाळपर्यंत गरम राहतं? माझ्या आठवीच्या मुलांनासुद्धा हे पटणार नाही, बाई." टिपणीस सोडून बाकीचे हसले. टिपणीस टेबलाच्या पायाकडे बघत होते.

बोरसे आता आमच्या यांच्याकडे वळले. "सर, नेमकं कधी कधी चालतं हे इंजिन? काही ठरावीक वार?"

"तीच तर गंमत आहे. नेम नाही." यांची स्मरणशक्ती गावात प्रसिद्ध होती. जुन्या विद्यार्थ्यांचे मार्क यांना तोंडपाठ असत. हे खुर्चीत नीट बसले आणि बोटांवर मोजत सांगायला लागले. "संक्रांतीच्या संध्याकाळी, घरात हळदीकुंकवाच्या बायका येऊन गेल्यावर. माझी मेहुणी आली होती, ती परत गेली त्या दिवशी. मुलीचा सहामाहीचा निकाल लागला त्या दिवशी. होळीच्या दुसऱ्या दिवशी, गिरणीला सुट्टी असताना, तेही भर दुपारी, मी घरी होतो. शाळेत इन्स्पेक्शन झालं त्या संध्याकाळी तर तासभर."

मी हातातल्या रुमालाकडे बघत ऐकत होते. संक्रांतीला मी यांना न विचारता बायकांसाठी वाण म्हणून चहाचे चमचे आणले होते. बहीण गेली त्या दिवशी तिला दिलेल्या चोळीच्या खणावरून झालं होतं. मंजूच्या निकालाच्या दिवशी मी तिला मोरीत उभी करून दार लावून घेतलं होतं आणि स्वतः दारापुढे उभी राहिले होते. होळीच्या दुसऱ्या दिवशी माझी बांगडी मनगटात फुटली होती. इन्स्पेक्शनच्या संध्याकाळी काय काय झालं ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. हे एकेक दिवस सांगत होते, एकही चुकत नव्हता, आणि प्रत्येक दिवस आमच्या घरातला होता.

हे म्हणाले, "साहेब, घरात दोन शब्द बोलायची सोय राहिलेली नाही. मी बोलायला लागलो की यांचं इंजिन सुरू."

बोरसे हसत मागे टेकले. "म्हणजे गिरणी डिझेलवर चालत नाही, तुमच्या बोलण्यावर चालते म्हणा की, सर."

खोली हसली. हेही हसले. काझी तर तोंडावर रुमाल धरून हसले. मी वर बघितलं. एकनाथ टोपीकडे बघत होता. टिपणीस खिडकीबाहेर बघत होते. आणि गयाबाई, जी बोलताना नेहमी समोरच्याच्या डोळ्यांत बघायची, ती माझी नजर चुकवून जमिनीकडे बघत होती. लाज माझी होती आणि मान तिने खाली घातली होती.

तेव्हा मला कळलं. सगळ्यांना माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं. मी नळावर जायची ती ताठ मान, सणाला नेसलेलं जरीचं लुगडं, धाकट्या बहिणींना लिहिलेली आनंदाची पत्रं, हे सगळं त्या पत्र्याच्या डबड्याखाली झाकलेलं होतं, आणि ते झाकायला दोन माणसं हातातलं जेवण सोडून इंजिनाला हँडल मारत होती. अंगावरचं वस्त्र ओढलं जावं तशी मला लाज वाटली. जमीन दुभंगली असती तर मी खुशीने गेले असते.

"हं, बाई," बोरसे म्हणाले. "तुम्ही सांगा. काय त्रास होतो तुम्हाला?"

डोकं दुखतं. मुलीचा अभ्यास होत नाही. झोप लागत नाही. तीनही वाक्यं तोंडाशी तयार होती. ती म्हटली असती तर मी घरी जाऊन स्वयंपाकाला लागले असते. एकनाथ आणि गयाबाई तिच्या भावाच्या मळ्यात राखणीला गेले असते, आणि जाताना कुणाला काही बोलले नसते, हेही मला पक्कं ठाऊक होतं.

"सर म्हणाले ते खरं आहे," मी म्हणाले.

"काय?"

"हे बोलायला लागले की गिरणी सुरू होते."

बोरसेंना वाटलं मी विनोदच पुढे चालवते आहे. ते हसण्याच्या तयारीत होते. "म्हणजे?"

"म्हणजे तसंच. हे घरात बोलतात ते बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून ही दोघं इंजिन लावतात."

माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही, पण खोलीत सगळ्यांना गेला असावा, कारण काझींनी रुमाल खिशात घातला.

"वहिनी," गयाबाई हळूच म्हणाली, "कशाला."

एकनाथ पुढे आला. "तसं काही नाही, साहेब. बाईंचा गैरसमज झाला. इंजिनच जुनं आहे."

अजूनही तो झाकतच होता. मला रडू आलं नाही. ते बरं झालं. मी फक्त मनगट पदराखाली घेतलं, आणि ते घेताना बोरसेंनी बघितलं.

मी यांच्याकडे बघितलं नाही. यांच्या खुर्चीचा पाय फरशीवर एकदा करकरला, एवढंच.

बोरसेंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. समोरची फाईल उघडली, मिटली. बिचारा तरुण माणूस. नगरपालिकेचा कायदा त्याला पाठ असणार. गिरणी, कारखाना, लाउडस्पीकर, मोकाट जनावरं, सगळ्याला कलम होतं.

"हा विषय," ते म्हणाले, आणि तांब्यातलं पाणी प्याले. "बाई, हा विषय नगरपालिकेच्या अखत्यारीत येत नाही."

"नाही ना," मी म्हणाले. "मला तुमच्याकडून काही नकोय. तुम्ही कारण विचारत होता, ते या दोघांना सांगता येत नव्हतं, म्हणून सांगितलं."

टिपणीस उठले. बुटके, घोगऱ्या आवाजाचे, कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. "साहेब, त्या अर्जावर माझी सही आहे. ती मला काढून घ्यायची आहे. काय पद्धत असते?"

"तोंडी सांगितलंत तरी चालेल," बोरसे म्हणाले.

"मग काढली." ते बसले. बाकीच्या दोघांनीही पुटपुटत तेच म्हटलं.

बोरसेंनी निकाल दिला. परवाना कायम. पण गिरणी सहाला म्हणजे सहाला बंद, आणि धुराड्यावर काही लावायचं नाही, नियम तो नियम. एकनाथने हात जोडले. काझींनी टमरेल उचलून गयाबाईला दिलं आणि म्हणाले, "घरी न्या. पण वर चढवू नका."

"तुळशीला पाणी घालीन," ती म्हणाली.

मी घरी एकटीच चालत आले. हे माझ्याबरोबर आले नाहीत, शाळेकडे गेले. वाटेत मला ओळखीचे लोक भेटत होते आणि मी प्रत्येकाला टाळत होते. माझ्या आधी बातमी घरोघर गेली असणार. मंजूला शेजारच्या मुलींत खेळायला पाठवलं. चूल पेटवली. परवाना राहिला होता, पण आता माझ्यावर पांघरूण राहिलं नव्हतं. सहाला इंजिन बंद होणार, आणि त्यानंतर हे घरी येणार.

सहाला इंजिन बंद झालं. एकनाथने पट्टा उतरवून दार ओढून घेतलं. गल्लीत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. कुणाच्या तरी घरी फोडणीचा आवाज झाला, तोही मोठा वाटला.

मग गयाबाई बाहेर आली. गिरणीच्या पायरीवर बसली, मांडीवर सूप घेतलं आणि आमच्या दाराकडे तोंड करून गहू पाखडायला लागली. रिकामी गिरणी चालवणारी बाई, पण या वेळी सुपात दाणे होते. थोड्या वेळाने टिपणीस वहिनी पाट घेऊन अंगणात आल्या आणि वाती वळत बसल्या. त्यांच्या पलीकडे बँकेतल्या जोगळेकरांची आई जपमाळ घेऊन ओट्यावर. समोर शिंप्याची सून, मूल पायावर घेऊन. एकमेकींशी कुणी बोलत नव्हती. माझ्याकडे कुणी बघत नव्हती. नुसत्या बसल्या होत्या, ऐकत.

मला आत जाऊन तोंड लपवावंसं वाटलं. त्या बायका माझ्यासाठी बसल्या आहेत हे कळत होतं, आणि त्यामुळेच अंगावर काटा येत होता. इतकी वर्षं मी जे लपवलं ते ऐकायला आता माणसं जागा धरून बसली होती.

हे कोपऱ्यावरून वळले. छत्री काखेत, मान खाली. गयाबाईचं सूप थांबलं नाही. हे चालत आले, एकेका घरापुढून. टिपणीस वहिनी नेहमी पदर सावरून आत जायच्या. आज बसून राहिल्या. हे ओट्यावर चढले, आत आले, छत्री खुंटीला लावली.

"दार लाव," हे म्हणाले.

"उकडतंय," मी म्हणाले.

यांचा चेहरा लाल झाला. छाती फुगली. ते मला चांगलं माहीत होतं, त्यानंतर काय येतं तेही. मी भिंतीकडे सरकले. बाहेर सुपाचा आवाज चालू होता, सटक, सटक, एका लयीत. मग तो थांबला.

यांनी दाराबाहेर बघितलं. बराच वेळ बघितलं. छाती हळूहळू खाली बसली. मग हे खुर्चीवर बसले, चपला काढल्या, आणि काहीतरी म्हणाले. इतक्या हळू की मला खरंच ऐकू आलं नाही.

"काय म्हणालात?" मी मोठ्याने विचारलं.

यांनी दाराकडे एकदा बघून घेतलं.

"चहा," हे म्हणाले. "थोडा चहा टाकतेस का."